एक नंबरची चौफुली

परळीत मला खोली मिळाली ती अंगठ्यामुळं. त्याआधी चार घरं बघून झाली होती. एकटी बाई, तीही दवाखान्यात शिफ्टची नोकरी, असं कळलं की कुणाचा भाचा शिकायला येणार असायचा, कुणाला खोलीला रंग द्यायचा असायचा. चारही घरांना मनातल्या मनात चार शब्द सुनावून मी पाचव्या दारात उभी राहिले. दार उघडणाऱ्या गृहस्थांनी माझं नाव विचारलं नाही की गाव विचारलं नाही. भर उन्हाळ्यात अंगात जाड खाकी कोट, आणि हातात टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमचा रिमोट. वय सहज साठीच्या पुढं.

"येतं का खेळायला?"

"लहानपणी भावाबरोबर खेळलेय, धारूरला. पण मामा, मी खोली बघायला आलेय."

"खोली कुठं पळून चाललीय? आधी एक डाव. दोन नंबरचा रिमोट घ्या. एक नंबरला हात लावायचा न्हाई."

घरमालकाला मामा आणि मालकिणीला मामी म्हणायचं ही आमच्याकडची रीत, तेवढंच नातं तोपर्यंत जमलं होतं. मी पर्स बाजूला ठेवली आणि सतरंजीवर बसले. दुसरं करणार काय?

गेम शिड्यांचा होता. पडद्यावर विटांचे मजले, मजल्यांना शिड्या, मागं लागलेली माकडं, आणि दोन माणसं, एक पिवळा नि एक हिरवा. एक नंबरच्या रिमोटवर पिवळा, दोन नंबरच्या रिमोटवर हिरवा. शिड्या चढत वर जायचं, आणि सगळ्यात वर एक दार. ते दार दोघं पोचल्याशिवाय उघडत नाही. एकटा कितीही हुशार असला तरी वर जाऊन नुसता उभा राहतो. मामा वर जाऊन उभे राहिले आणि मी तीनदा शिडीवरून खाली पडले. मामा चुळबुळ करायला लागले. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून केवढ्यांदा तरी आवाज आला, "चढ की मुडद्या!"

मी दचकून मागं बघितलं. मांडीवर सुपात तुरीची डाळ घेऊन मामी निवडत बसल्या होत्या आणि पडद्यावरच्या हिरव्या माणसाला शिव्या देत होत्या.

डाव संपल्यावर मामांनी निकाल दिला. "सिस्टर, तुमी तिरकं दाबता. पण पडल्यावर रिमोटला नावं ठेवत न्हाईत. सामान कवा आणता?"

तिरकं दाबणं हा मामांच्या लेखी या जगातला सगळ्यात मोठा गुन्हा. रिमोटवर डाव्या अंगठ्याखाली ते अधिकच्या खुणेसारखं बटण असतं ना, वर, खाली, डावं, उजवं, त्याला मामा चौफुली म्हणायचे. अंगठा चारातल्या एकाच बाजूला पडला पाहिजे. दोन बाजू एकदम दबल्या की माणूस गोंधळतो आणि शिडीवरून पडतो. "सरळ म्हणलं की सरळ गेलं पायजे," हे वाक्य मी त्या घरात रोज ऐकलं. अंगणातून संडासाकडं जायचं तर मामा कोपऱ्यापर्यंत नाकासमोर जायचे आणि मग काटकोनात वळायचे. यात्रेकरूंनी वैजनाथाच्या देवळाचा रस्ता विचारला तर "वर, वर, उजवं, परत वर" असं सांगायचे, आणि ती बिचारी माणसं आभाळाकडं बघायची. भिंतीवरचं कॅलेंडर दिवसातून दोनदा सरळ करायचे, वाकडं झालेलं असो की नसो.

सुरुवातीला मला हा सगळा वेडेपणा वाटायचा. एकदा मी चिडून म्हणालेही, "मामा, जरा तिरकं गेलं तर काय आभाळ कोसळतं का?"

ते हसले नाहीत. "मी कारखान्यात क्रेनवर होतो, सिस्टर. उसाच्या मोळ्या गाडीतून उचलायच्या. वरून वायर लोंबती, तिच्या टोकाला डबी, अन् डबीवर अशीच बटणं. खाली तोडीची माणसं उभी. त्यांची लेकरं तिथंच धुळीत. मोळी तिरकी गेली की झुलती. झुलली की खाली कोण हाय ते तिला कळत न्हाई." मग बराच वेळ अंगठा चोळत बसले. "माझ्या हातून एकदाबी झुलली न्हाई."

त्यानंतर मी त्या विषयावर त्यांना चिडवलं नाही. म्हणजे, कमी चिडवलं.

तो खाकी कोट कारखान्याचाच. मोठी, चार भोकांची बटणं, सगळी जागच्या जागी, वरपासून खालपर्यंत लावलेली. आणि एक नंबरचा रिमोट असायचा पोळ्यांच्या डब्यात. थट्टा नाही, खरंच. परळीत खिडकी उघडी राहिली की घटकाभरात सगळ्यावर वीज केंद्राची राख बसते, आणि बटणाच्या फटीत राख गेली की खेळ संपला. म्हणून मामींचा चांगला स्टीलचा डबा मामांनी पळवला होता, त्यात धुवट फडक्यात गुंडाळून रिमोट ठेवलेला. रोज चारला चहा झाला की डबा निघायचा. मामा टीव्हीची काच पुसायचे, सुरू करायचं बटण दाबायचे (ते फक्त एक नंबरवरच होतं), आणि आम्ही दोघं शिड्या चढायला लागायचो. मामी डाळ नाहीतर शेंगा निवडत मागून आरडाओरडा करायच्या. मामी घाटनांदूरच्या. माया असो की भांडण, त्यांचा आवाज एकाच पट्टीत. माझी सकाळची ड्यूटी असली की ती दुपारची वेळ मी कशासाठीही सोडत नसे. दिवसभर लोकांची दुखणी बघून आलेल्या बाईला, पडद्यावरच्या माणसाला कुणी मुडद्या म्हणतंय हे ऐकून फार बरं वाटतं.

तिसऱ्या वर्षी, आषाढात, मामींच्या डाव्या हातातली कपबशी तिरकी झाली. मी समोरच होते. चहा लुगड्यावर सांडत होता आणि त्यांना ते कळत नव्हतं. तोंडाची एक बाजू खाली आलेली. गाडी करून आम्ही त्यांना अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला. पंधरा दिवसांनी घरी आल्या तेव्हा काठी धरून चार पावलं टाकत होत्या, पण डावा हात मांडीवर पडून असायचा आणि जीभ जड झाली होती. शब्द वाकडे यायचे. ते स्वतःच्या कानांनी एकदा ऐकल्यावर मामींनी बोलणंच सोडलं. त्या घरात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मला ते घर नकोसं झालं, खरं सांगते.

डॉक्टरांनी हाताच्या व्यायामाला रबरी चेंडू दिला होता. तो दाबत राहायचा. मामींनी दोन दिवस तो नुसता बघितला आणि तिसऱ्या दिवशी चांगल्या उजव्या हातानं मामांना फेकून मारला. नेम चुकला नाही.

मामा उठले. पोळ्यांचा डबा काढला, फडकं सोडलं आणि एक नंबरचा रिमोट मामींच्या मांडीवर ठेवला. त्यांचा डावा अंगठा उचलून चौफुलीवर टेकवला. आपण दोन नंबर घेऊन शेजारी बसले. मी बघतच राहिले. तीन वर्षांत त्या रिमोटवरची राख पुसायचीसुद्धा मला परवानगी नव्हती.

"दाब," मामा म्हणाले.

बारा दिवस पिवळा माणूस होता तिथंच उभा होता. हिरवा रोज वर जायचा आणि बंद दारापाशी थांबायचा. तेराव्या दिवशी पिवळा एक पाऊल डावीकडं सरकला. मामांनी उठून कॅलेंडर सरळ केलं, परत येऊन बसले आणि म्हणाले, "आता उजवं."

एक नंबरची चौफुली मऊ होती, म्हणून हे जमत होतं. मामांच्या अंगठ्याखाली वीस वर्षं झिजून तिच्या कडा गोल झाल्या होत्या, आतलं रबर नरम पडलं होतं. दोन नंबर मागाहून बाजारातून आणलेला, कडक, कडा टोचणाऱ्या. मामींच्या अंगठ्यानं तो दबत नव्हता. नवरात्र येईपर्यंत मामी एक शिडी चढायला लागल्या होत्या. एकच, पण सरळ. मांडीवरचा हात आता अधूनमधून पदरही सावरायचा.

आणि मग मी शहाणीनं घोळ घातला.

खंडेनवमीला त्या घरात पाना, पक्कड, विळी यांची पूजा असायची, आणि ती मामी करायच्या. त्या वर्षी ते माझ्याकडं आलं. मामा झेंडूची फुलं आणायला बाजारात गेले होते. मी पाट मांडला, पाना ठेवला, पक्कड ठेवली, माझं बीपीचं यंत्र ठेवलं. मग वाटलं, या घरातलं खरं हत्यार कोणतं? मी डबा उघडला. एक नंबरचा रिमोट पाटाच्या मधोमध ठेवला, पाणी शिंपडलं, हळद-कुंकू चांगलं भिजवलं आणि चौफुलीच्या चारही टोकांना बोटं लावली. मामी खुर्चीतून बघत होत्या. अर्ध्या तोंडानं हसल्या, आणि हाताला हात लावून त्यांनी नमस्कार केला. मामा आले, बघितलं, आणि त्यांचेही डोळे भरले. कुणाच्याच डोक्यात आलं नाही. पूजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नसतो, त्यामुळं ओलं कुंकू आरामात फटींतून आत उतरलं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत वाळून बसलं.

दसऱ्याला चारला मामींनी डावं दाबलं. पिवळा डावीकडं निघाला तो थांबेना. भिंतीला डोकं लावून चालतच राहिला.

मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं की मामा थांबा थांबा म्हणत असताना मी स्क्रू काढून रिमोट उघडला. आत वाळून बसलेला लाल चिखल. दवाखान्यातली बाई मी, मला स्पिरिटशिवाय काय सुचणार? कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि आतलं रबर खसाखसा पुसलं. रबराखाली चार काळे ठिपके होते, तेही निघाले. बोळा काळाकुट्ट झाला. "बघा, किती घाण होती," मी मामांना दाखवला.

मामांनी बोळा हातात घेतला. "सिस्टर, ही घाण न्हाई. ह्याच्यावरच चालत होतं."

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. म्हणजे, भिंतीशी बोलायचे. "काही लोकांना स्पिरिट लई हौसेनं वापरायची सवय असती," असं. मला राग आला नाही. मी नर्स आहे. झटक्यानंतरचे हे पहिले काही महिने किती मोलाचे असतात, ते मला माहीत होतं. हात येत होता, आणि मी तो थांबवला होता. पुन्हा आखडला तर तो माझ्यामुळं.

मग आम्ही रिमोट शोधायला लागलो. परळीतली मोबाईलची दुकानं पालथी घातली. "असला रिमोट आता कावून पायजे? मोबाईलवर खेळा की," म्हणायचे. एकानं भारीतला दाखवला, त्याला मधे दोन फिरती बोंडं आणि चौफुली कोपऱ्यात सारलेली, मणभर कडक. मी ऑनलाइन मागवायला सुरुवात केली. मामांची परीक्षा ठरलेली. डोळे मिटायचे, दहा वेळा डावं, दहा वेळा वर, आणि मी पडद्याकडं बघायचं.

"गेला का तिरका?"

"एकदा, जरासा."

"परत पाठवा."

एक कडक निघाला, एक तिरका जायचा, एक अगदी लोण्यासारखा होता तर त्याची पिनच बसेना. पुढं पुढं पार्सलवाला दारातूनच विचारायचा, "मामा, आत देऊ का इथूनच परत नेऊ?" मामी खुर्चीत बसून ऐकायच्या. त्यांचा हात परत मांडीवर पडून राहायला लागला होता. मी रोज त्याला तेल लावून चोळायची आणि त्यांच्या तोंडाकडं बघायचं टाळायची.

सुट्टीला धारूरला गेले तेव्हा तिथल्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याकडं गेले. त्याला ऐकू कमी. मी ओरडून ओरडून सगळं सांगितलं, कुंकू, स्पिरिट, मामी, सगळं. त्यानं शांतपणे खाटेखालून पत्र्याचा डबा ओढला. आत अकरा मेलेले रिमोट. "सगळेच न्या बाई," तो म्हणाला. "कुणी त्यांच्यासाठी एवढं ओरडलं न्हाई आजवर."

अकराही आम्ही सतरंजीवर उघडले. नवव्यात मऊ रबर सापडलं, काळ्या ठिपक्यांसकट. मामांनी ते एक नंबरमध्ये बसवलं, डोळे मिटून दाबलं. दहा डावं, दहा वर. एकदाही तिरकं नाही. मामांनी रिमोट मामींच्या मांडीवर ठेवला आणि आम्ही दोघं श्वास रोखून बसलो.

अंगठा चालेना. सव्वा महिना रिकामा गेला होता. टोक वाकायचं नाही, आडवाच पडायचा आणि चौफुलीच्या दोन फाट्यांच्या मधल्या खाचेत जाऊन रुतायचा. पिवळा दर वेळी शिडीवरून पडला. मामींच्या डोळ्यांतून पाणी आलं. आजारपणात त्यांना रडताना मी पहिल्यांदा बघितलं, आणि मीही मांजरासारखी भिंतीकडं सरकले.

मग मामींनी उजवा हात उचलला आणि मामांच्या छातीवर बोट ठेवलं. मामांना वाटलं त्यांना काही सांगायचंय. "काय? पाणी पायजे?" मामींनी नाही म्हणून मान हलवली, आणि कोटाचं वरचं बटण बोटानं दोनदा टकटक वाजवलं. गोल, चपटं, अंगठ्याएवढं, मधे जरा खोलगट.

मामांनी एक क्षण बटणाकडं बघितलं. उठून विळीवर बटणाचा दोरा कापला. सायकलचं पंक्चर काढायचं सोल्युशन आणलं आणि बटण चौफुलीच्या बरोबर मधोमध चिकटवलं. "मामा, कोट उघडा राहील," मी उगीच म्हणाले. "त्याला काय, पिन लावू," ते म्हणाले. आता खाच राहिली नाही. अंगठा आडवा असला तरी बटणावर नीट बसायचा, आणि जरा कलला की चौफुली त्या बाजूला दबायची.

त्या दिवशी मामी अर्धी शिडी चढल्या. आठवड्यानं एक. संक्रांतीच्या सुमारास एकदा पिवळा आधीच वर पोचला होता आणि हिरवा खाली रेंगाळत होता, कारण मामा पडद्याऐवजी मामींच्या अंगठ्याकडं बघत होते. हिरवा पडला. आणि खुर्चीतून जड, वाकडा, पण स्पष्ट आवाज आला.

"चढ... की... मुडद्या."

मामांनी रिमोट खाली ठेवला. "काय म्हणली?"

मामींनी परत म्हटलं, मोठ्यानं. मामा माझ्याकडं वळले. त्यांचा चेहरा फुलला होता. "सिस्टर, ऐकलं का? मला म्हणली." त्यानंतर मामी बोलायच्या थांबल्या नाहीत. निम्मं आम्हाला कळायचं नाही, आणि कळलं नाही की त्या चिडायच्या.

पुढं माझी बीडला बदली झाली. मामी अजून चार वर्षं होत्या. फोनवर मामा रोजचा हिशेब सांगायचे, आज सहा शिड्या, आज पाच, आज ताप होता म्हणून दोन. मामी गेल्या तेव्हा मला रजा मिळाली नाही. दीड महिन्यानं गेले, त्याची लाज वाटत होती, म्हणून मुद्दाम चारच्या सुमाराला पोचले.

मामांनी दार उघडलं. अंगात तोच कोट, वरच्या बटणाच्या जागी सेफ्टी पिन. चहा झाला. मी मामींबद्दल बोलायचा प्रयत्न केला, पण ते कॅलेंडर सरळ करायला उठले. मग पोळ्यांचा डबा काढला. झाकणावर राखेचा थर होता. दीड महिन्यात डबा उघडलाच नव्हता. दार एकट्याला उघडत नाही, त्यांनी खेळायचं तरी कशाला? मी सवयीनं दोन नंबरकडं हात नेला.

"तो माझा हाय," मामा म्हणाले. त्यांनी एक नंबर माझ्या हातात दिला. "सुरू करा, सिस्टर."

माझा अंगठा बटणावर ठेवला तर ते गुळगुळीत झालेलं, चारही भोकांच्या कडा झिजून गेलेल्या. मी सुरू केलं. डोळ्यांसमोर सगळं धूसर, मी काय सरळ दाबणार? पहिल्याच शिडीवर तिरकं गेलं आणि पिवळा खाली. परत चढवला, परत खाली. मला वाटलं, आता मामा म्हणतील, सरळ म्हणलं की सरळ. हिरवा केव्हाच वर पोचला होता आणि दारापाशी उभा होता. मामांनी रिमोट मांडीवर ठेवला आणि हात बांधून बसले. चुळबुळ नाही, काही नाही. माकडं आली नि गेली. तिसऱ्यांदा पिवळा शिडीच्या मधेच अडकला आणि माझ्याच तोंडून, अगदी हळू, निघून गेलं, "चढ की मुडद्या."

मामा पडद्याकडंच बघत होते.

"हळू नको म्हणू," ते म्हणाले. माझ्याशी ते एकेरीत बोलले ते त्या एकाच वेळी. "ती लई मोठ्यानं म्हणायची."